गिल्ड वॉर्स २: नाव तेच, डाव वेगळा

अरीनानेट कंपनीचा पहिला ‘गिल्ड वॉर्स’ हा ऑनलाइन गेम २००५ साली आला, दुसरा २०१२ च्या ऑगस्टमध्ये. दोन्हींना मासिक वर्गणी नाही आणि दोन्ही टिरियाच्याच जगात घडतात. लढण्याची रीत मात्र मुळापासून बदलली आहे. पहिल्यात निम्मी लढाई गावाची वेस ओलांडण्याआधीच ठरलेली असते. दुसऱ्यात ती मैदानात, पायांच्या हालचालीवर जिंकावी लागते.

पहिल्या गेममध्ये हजाराहून जास्त स्किल, म्हणजे वार आणि मंत्र, आहेत. त्यातली फक्त आठ सोबत नेता येतात, आणि त्यात एलिट, म्हणजे सर्वांत ताकदवान प्रकारचं, एकच. बाहेर पडल्यावर बदल नाही. पात्राच्या मुख्य प्रोफेशनला (पेशाला) दुसरं जोडता येतं, त्यामुळे जोड्यांना अंत नाही. एलिट स्किल विकत मिळत नाही: ते वापरणाऱ्या बॉसला शोधून मारायचं आणि सिग्नेट ऑफ कॅप्चर या खास स्किलने ते टिपायचं. लेव्हल २० ला थांबते, म्हणून पुढचा सगळा खेळ डोक्याचा. बिल्ड, म्हणजे स्किलची निवड, चुकला तर शिक्षाही लगेच मिळते. प्रत्येक मरणाला आरोग्य आणि ऊर्जा १५ टक्क्यांनी घटते, ती थेट ६० टक्क्यांपर्यंत.

दुसऱ्यात पहिली पाच स्किल हातातलं शस्त्र ठरवतं, सहावं स्वतःला बरं करण्याचं, पुढची तीन निवडीची, दहावं एलिट. बहुतेक प्रोफेशनना लढता लढता शस्त्रसंच बदलता येतो. एलिमेंटलिस्ट या जादूगाराला तसं करता येत नाही, तो त्याऐवजी आग, पाणी, हवा, पृथ्वी अशी तत्त्वं बदलतो.

जुने खेळाडू इथे पटापट मरतात, कारण एका जागी उभं राहून स्किल सोडण्याची सवय सुटलेली नसते. एंड्युरन्स, म्हणजे दम, १०० असतो, एका डॉजला (वार चुकवायच्या झेपेला) ५० लागतात आणि ते भरून यायला साधारण दहा सेकंद. डॉजमध्ये पाऊण सेकंद तुम्हाला काहीही लागत नाही. म्हणून दोन्ही डॉज किरकोळ वारांवर उधळू नका. जमिनीवर लाल वर्तुळ दिसेल त्या मोठ्या वारासाठी किमान एक राखून ठेवा. गेमचे सर्व्हर उत्तर अमेरिका आणि युरोपात आहेत. भारतातून खेळताना युरोप निवडा, आणि पिंग (सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणारा वेळ) जास्त असेल तर डॉज थोडा आधीच दाबा.

जगही वेगळं झालंय. पहिल्यात गाव सर्वांचं, पण वेशीबाहेर तुमच्या पार्टीची स्वतंत्र प्रत. माणसं कमी पडली तर हेंचमन आणि हीरो हे संगणकाने चालवलेले साथीदार घेऊन एकट्यानेही खेळता येतं. दुसऱ्यात सगळे एकाच मैदानात असतात. इव्हेंट, म्हणजे मैदानातली सामूहिक मोहीम, चालू दिसला की पार्टी न करता सामील व्हायचं. लूट प्रत्येकाला वेगळी मिळते, त्यामुळे अनोळखी माणूस मदतीला आला की आनंदच होतो. पडलेल्याला कुणीही उठवू शकतं. ऑनलाइन गेममध्ये इतका माणुसकीचा शेजार फार कमी ठिकाणी आहे.

गमावलं काय? साथीदारांना बरं करणारा मंक हा पेशा गेला. शत्रूचं स्किल नेमक्या क्षणी तोडणारा जुना मेस्मरही गेला, आणि ही हानी मोठी आहे. २०१५ च्या ‘हार्ट ऑफ थॉर्न्स’ या विस्ताराने बॉसना डिफायन्स बार, म्हणजे प्रतिकाराची पट्टी, दिला. तो सगळ्यांनी मिळून फोडायचा असतो. मजा आहे, पण एकट्याच्या अचूक वेळेचं कसब त्यात उरत नाही. त्याच विस्तारासोबत रेड, म्हणजे गटाने लढायच्या अवघड मोहिमा, आल्या आणि इतरांना बरं करणाऱ्या हीलरची गरज परत आली. लेव्हल मात्र आजही ८० च आहे, विस्तार आला म्हणून जुनी शस्त्रं भंगारात जात नाहीत. हा जुन्या गेमचा संस्कार दुसऱ्याने जपला.

वेळ असेल तर पहिला आधी खेळा. दुसऱ्याची कथा २५० वर्षांनंतरची आहे. पहिल्यात ॲस्केलॉनचं राज्य उद्ध्वस्त करणाऱ्या ‘चार’ (Charr) जमातीतलं पात्र दुसऱ्यात तुम्ही स्वतः घेऊ शकता. लायन्स आर्चचं जुनं शहर, ओर हे बुडालेलं राज्य समुद्रातून वर आलं तेव्हाच्या लाटेत बुडालेलं. हे आधी पाहिलेल्यालाच ते खरं भिडतं. शिवाय पहिल्या गेमचा ‘आय ऑफ द नॉर्थ’ हा विस्तार असेल तर त्यातल्या हॉल ऑफ मॉन्युमेंट्स या तुमच्या पराक्रमांच्या दालनातले गुण पुढच्या गेममध्ये बक्षिसं देतात: ३० गुणांपर्यंत वस्तू, तिथून ५० पर्यंत फक्त किताब. त्यासाठी दोन्ही खाती जोडावी लागतात, म्हणून दुसरा गेम अरीनानेटच्या खात्यावरच सुरू करा. स्टीमवर नवं खातं उघडलं तर ते जुन्याशी जोडता येत नाही.