केस सांभाळायचं सॉफ्टवेअर: डेमोला पाच, वापराला अडीच

आधीच कबूल करतो, हे सॉफ्टवेअर संस्थेच्या गळ्यात मीच मारलं. आठवडाभर बाणेरच्या एका कंपनीत प्रॉडक्ट हेड आणि शनिवारी मुलांना मोफत वकील मिळवून देणाऱ्या एका छोट्या संस्थेचा विश्वस्त, असा माझा संसार. मंडळावर दोन वकील, एक निवृत्त मुख्याध्यापिका आणि 'कॉम्प्युटरचं तुम्हीच बघा' म्हणून मी. डेमोत डॅशबोर्ड असा काही झकास दिसला, की वर्षाचे 48 हजार एकाच बैठकीत मंजूर करून घेतले.

मराठीत टाइप केलेलं नीट सापडतं. रेंज नसली तरी नोंद होते. तारखेची आठवण आदल्या संध्याकाळी न चुकता येते. इथवर पैसे वसूल.

पण त्या आठवणीनेच घात केला. आमच्या समुपदेशक ताई शेअर रिक्षात बसल्या होत्या, मोबाइल मांडीवर. स्क्रीन उजळली: मुलीचं पूर्ण नाव, खाली कलम, खाली कोर्ट. शेजारची बाई वाकून वाचत होती. पॉक्सोच्या, म्हणजे मुलांवरील लैंगिक अत्याचाराच्या, खटल्यात मुलाची ओळख फुटू नये म्हणून कायदा एवढा जपतो, आणि आमचंच अ‍ॅप ती रिक्षात दाखवतंय! कंपनीचं उत्तर, 'नोटिफिकेशन बंद ठेवा.' म्हणजे तारखा आम्ही स्वप्नात बघायच्या?

दुसरी खोड दिवस मोजण्यातली. 2012च्या पॉक्सो कायद्याचं 35 वं कलम म्हणतं, विशेष न्यायालयाने दखल घेतल्यापासून 30 दिवसांत मुलाची साक्ष नोंदवावी आणि खटला शक्यतो वर्षात संपवावा. हे सॉफ्टवेअर मोजतं एफआयआरपासून. त्यामुळे दोषारोपपत्र येऊन न्यायालयाने दखल घ्यायच्या आधीच सगळ्या केसेस मुदत उलटल्यासारख्या लाल. पहिल्या महिन्यात आम्ही धावपळ केली, तिसऱ्या महिन्यात लालकडे कुणी ढुंकून बघेना. मला डेमोत हा प्रश्न विचारायचं सुचलं नाही. ताईंना पहिल्याच दिवशी सुचला असता, पण त्यांना डेमोला बोलावलंच नव्हतं.

मुलाला मिळालेली अंतरिम नुकसानभरपाई भरायला रकाना नाही, म्हणून ती 'फी'मध्ये जाते. वर्षअखेरीच्या अहवालात ती संस्थेचं उत्पन्न म्हणून आली. हिशेबनीसांचा फोन मलाच आला.

ताई अजून लांबट वही ठेवतात. तिच्यात नावं नाहीत. मुलानं स्वतः निवडलेली खूण असते: पतंग, चिंच, पांढरी मांजर. 'चिंचेची तारीख सोळाला,' एवढंच त्या फोनवर बोलतात. असा एक रकाना आणि आठवणीत फक्त तोच दिसावा, एवढीच मागणी मी कंपनीकडे केली. 15 हजारांचं कोटेशन आलंय. मार्चमध्ये नूतनीकरण आहे. या खेपेला डेमो ताई बघणार आहेत.