शॉर्ट स्केल बेस, नऊ महिन्यांनंतर: आधी नेक बघा, मग रंग

नोव्हेंबरात घेतलेल्या बेस गिटारला आता नऊ महिने झाले. माघी गणपतीचे कार्यक्रम, दोन लग्नांच्या आदल्या रात्रीची गाणी, ठाण्यातला मे महिन्याचा घाम आणि त्यावर जून-जुलैचा पाऊस, एवढं सगळं त्याच्यावरून गेलंय, म्हणून आता लिहायला बसले. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण पुढचं जवळपास सगळं ३० इंची, चार तारांच्या, पी-जे पिकअपवाल्या (पिकअप म्हणजे तारांची कंपनं पकडणारं चुंबक, पी आणि जे हे त्याचे दोन प्रकार) कुठल्याही बेसला लागू पडेल. माझ्या बेसवर व्हॉल्यूमचे दोन आणि टोनचा एक नॉब आहे, बॅटरी नाही. बॉडी चकचकीत निळी, नेक (लांब दांडी) मेपलचा.

आधी स्केलबद्दल. आपल्याकडे गाणाऱ्यांमध्ये स्केल म्हणजे पट्टी: काळी एक, पांढरी चार वगैरे. मी आमच्या गाण्याच्या ग्रुपमध्ये "शॉर्ट स्केल घेतलाय" म्हटल्यावर आमचे गायक काका म्हणाले, "काळी एकमध्ये वाजेल ना गं त्यावर?" इथे स्केल म्हणजे नटपासून (नेकच्या टोकाची खाचांची पट्टी) ब्रिजपर्यंत (बॉडीवरचा तारांचा टेकू) तारेची वाजणारी लांबी. १९५१ मध्ये फेंडर कंपनीचा प्रिसिजन बेस आला तो ३४ इंची, म्हणजे सुमारे ८६४ मिलिमीटर, आणि पुढे तीच लांबी बहुतेकांनी धरली. शॉर्ट स्केल ३० इंची, म्हणजे ७६२ मिलिमीटर.

पण काकांचा प्रश्न मला फार कामाचा वाटतो. बेसच्या मोकळ्या तारा ई, ए, डी आणि जी. काळी एकच्या, म्हणजे सी शार्पच्या, शुद्ध स्वरांत यातली एकही तार बसत नाही. काळी तीनमध्येही तेच. ई किंवा ए मधली गाणी वाजवणाऱ्याला मोकळ्या तारेवर हात विसावता येतो. आमच्या कार्यक्रमात काका काळी एक धरतात आणि डावा हात अडीच तास नटजवळच्या फ्रेटांवर (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) फाकलेलाच राहतो. काळी पाच असली तर सा ए तारेच्या पहिल्या फ्रेटवर, खालचा पंचम ई तारेच्या पहिल्या फ्रेटवर, आणि नेकवरचं सगळ्यात रुंद घर, म्हणजे दोन पट्ट्यांमधली जागा, तेच. हे घर ३४ इंची बेसवर ४८.५ मिलिमीटर असतं, ३० इंचीवर ४२.८. नटपासून चौथ्या फ्रेटपर्यंत मोजलं तर १७८ आणि १५७. दोन सेंटिमीटर कागदावर काहीच वाटत नाहीत, करंगळीला विचारा. आधीच्या ३४ इंची बेसवर दोन वर्षं वाजवताना प्रत्येक कार्यक्रमानंतर माझ्या डाव्या मनगटाला क्रेप बँडेज बांधावं लागायचं. या नऊ महिन्यांत ते कपाटातून बाहेर आलं नाही. बाकी काहीही पटलं नसतं तरी एवढ्यासाठी मी हा बेस ठेवला असता.

"लहान मुलांचा बेस" असं कुणी म्हटलं की मला वाईट वाटतं. हॉफनरचा व्हायोलिनच्या आकाराचा ५००/१ हा १९५६ चा, ३० इंची. बीटल्सच्या पॉल मॅककार्टनीने तो १९६१ मध्ये हॅम्बर्गला घेतला आणि त्यावर काय काय वाजलं ते सगळ्यांना ठाऊक आहे. क्रीम बँडच्या जॅक ब्रूसचा गिब्सन ईबी-३ शॉर्ट स्केल, टॉकिंग हेड्सच्या टीना वेमथचा फेंडर मस्टँग शॉर्ट स्केल, जॅझवाल्या स्टॅनली क्लार्कचा अलेम्बिकही. ही माणसं काही लहान मुलं नव्हती.

आता रंग. दुकानात एकाच मॉडेलचे दोन बेस समोर होते. एक पूर्ण मॅट, अक्रोडी रंगाचा, नेकही मॅट. दुसरा चकचकीत धातूसारखा निळा आणि नेकच्या पाठीवरही तसंच जाड, काचेसारखं पॉलिश. मी निळ्यावर भाळले. हा निळा म्हणजे फेंडरच्या लेक प्लॅसिड ब्लूच्या जातीचा. तो मुळात गाडीचा रंग, १९५८ च्या कॅडिलॅकचा. फिएस्टा रेड १९५६ च्या फोर्ड थंडरबर्डचा. त्या काळात फेंडरवाले ड्यूपॉं कंपनीचे मोटारीचे रंगच गिटारींना मारायचे. १९६६ मध्ये आलेल्या मस्टँग बेसवर पुढे १९६९ च्या सुमारास शर्यतीच्या गाडीसारखे तिरपे पट्टेही आले. मला या गोष्टी मनापासून आवडतात आणि स्टेजवर लाइट पडल्यावर निळा उठून दिसतो, त्यात चूक काही नाही.

मात्र बॉडीच्या रंगाने आवाज बदलतो यावर माझा विश्वास नाही. भरीव लाकडाच्या इलेक्ट्रिक बेसमध्ये तारा, पिकअप, बोटं आणि ॲम्प यांचा वाटा एवढा मोठा असतो की वरच्या थराचा फरक मला तरी कधी ऐकू आला नाही. नायट्रोचं, म्हणजे नायट्रोसेल्युलोज लॅकरचं कौतुक खूप चालतं. तो थर पातळ असतो, वयाने पिवळा पडतो, बारीक तडकतो, काहींना तेच हवं असतं. पण रबराचे स्टँड आणि पीव्हीसीचे पट्टे त्याला डाग पाडतात. घाम आणि दमट हवेत रोज वाजवायच्या वाद्याला मी पॉलीयुरेथेन किंवा पॉलिएस्टरच घेईन.

फिनिशचा खरा प्रश्न नेकच्या पाठीवर असतो. तिथे तुमचा अंगठा अडीच तास घासतो. नोव्हेंबर-डिसेंबरात चकचकीत नेक छान वाटला. मार्चमध्ये तळहात चिकटायला लागला, आणि एप्रिलमधल्या एका कार्यक्रमात काळी एकच्या गाण्यात चौथ्या फ्रेटवरून नवव्याला जाताना हात चक्क अडला, सूर अर्धी मात्रा उशिरा लागला. घरी आल्यावर ठरवलं की नेक मॅट करायचा.

ते काम सविस्तर सांगते, कारण पॉलिएस्टरच्या जाड थरावर ते घरी होतं आणि खर्च शंभर रुपयांच्या आत. तारा उतरवल्या. फ्रेटबोर्डच्या दोन्ही कडा आणि हेडस्टॉकचा (खुंट्या असतात ते टोक) भाग मास्किंग टेपने झाकला. १५०० नंबरचा वॉटर पेपर पाण्यात बुडवून झटकला आणि नेकच्या लांबीच्या दिशेनेच, आडवा अजिबात नाही, हलक्या हाताने फिरवला. पहिल्या पाच मिनिटांत दुधासारखा पांढरट गाळ येतो. तो ओल्या फडक्याने पुसला की खाली काचेची चमक जाऊन बोरासारखा तुकतुकीतपणा दिसायला लागतो. मग २००० नंबरने शेवटचा हात. जोर लावायचा नाही, लाकडापर्यंत जायचंच नाही, फक्त वरची चमक मारायची. वीस मिनिटं लागली. कोरड्या सुती फडक्याने पुसून अंगठा खालून वर नेला आणि तो थांबलाच नाही. तेव्हापासून मे महिन्यातही हात अडलेला नाही. आता पाचव्या-सातव्या फ्रेटपाशी अंगठ्याने घासून पुन्हा थोडी चमक यायला लागलीय, मॅटचं तसं होतंच. दिवाळीच्या आधी पुन्हा एक हात मारीन. नायट्रोवर किंवा वॉरंटीतल्या महागड्या बेसवर हे करण्याआधी मात्र जाणत्या माणसाला दाखवा.

मॅट बॉडीबद्दलही एक सांगून ठेवते. ग्रुपमधल्या आतेभावाने तोच अक्रोडी मॅट घेतला. सहा महिन्यांत त्याच्या उजव्या कोपराखाली बॉडीवर तेलकट, गुळगुळीत पट्टा उमटलाय आणि तो पॉलिश करून घालवता येत नाही, कारण पॉलिश केलं की आजूबाजूलाही चमकतं. माझ्या चकचकीत बॉडीवर बोटांचे ठसे पडतात, पण फडकं फिरवलं की जातात. म्हणून माझी निवड स्पष्ट आहे: बॉडी चकचकीत, नेक मॅट. दुकानात तसा जोडीचा मिळाला तर तोच घ्या.

एक नुकसान झालं. माघी गणपतीचा कार्यक्रम खाडीजवळ उघड्यावर होता, डास फार, म्हणून हातांना डासांचं क्रीम चोपडून वाजवायला उभी राहिले. मध्यंतरात पाहिलं तर बॉडीच्या वरच्या कडेला हात टेकतो तिथे निळ्यावर धुरकट, चिकट ठसा. अशा काही क्रीममध्ये डीट नावाचं डासांना दूर ठेवणारं रसायन असतं आणि ते प्लास्टिक, रंग, वॉर्निश मऊ करतं. लगेच पुसलं तरी तळहाताएवढी जागा कायमची मंद झाली. आता उघड्यावरच्या कार्यक्रमाला पूर्ण बाह्यांचा कुर्ता घालते.

आता आवाज. स्केल छोटी, तार तीच आणि सूर तोच ठेवला तर ताण लांबीच्या वर्गाप्रमाणे कमी होतो. ३० भागिले ३४ चा वर्ग केला की ०.७८ येतं, म्हणजे साधारण २२ टक्के ताण कमी. म्हणून ई तार सैल वाटते, जास्त हेलकावते, तिचा खालचा स्वर फुगतो आणि वरची धार कमी होते. घरी छोट्या ॲम्पवर हे फार गोड लागतं. मोठ्या स्पीकर बॉक्सवर त्याचाच गोळा होतो. पहिल्या कार्यक्रमात मी घरच्यासारखाच ॲम्पचा बेस, म्हणजे खालच्या स्वरांचा नॉब, वाढवून ठेवला होता. साऊंडवाले दादा तिसऱ्या गाण्याला जवळ येऊन म्हणाले, "ताई, खालचा जरा कमी करा ना, डग्गाच ऐकू येत नाहीये." त्यांचं बरोबर होतं. माझा आवाज आणि डग्ग्याची घुमारी एकाच जागी बसत होती.

तेव्हापासून शिकले की या बेसवर वाढवायचं कमी आणि काढायचं जास्त. ॲम्पवर बेसचा नॉब घड्याळाच्या ११ वर, मिड (मधले स्वर) १ वर, ट्रेबल (वरचे स्वर) १२ वर. मिक्सरवर ४० हर्ट्झच्या खालचं कापून टाकायला सांगते, कारण मोकळा ई च ४१ हर्ट्झचा आहे आणि त्याखाली फक्त स्टेजचा धडधडाट असतो. २०० ते २५० च्या आसपास थोडं कमी, ७०० ते ८०० ला थोडं वर. काळी एकचा मंद्र सा ६९ हर्ट्झला आहे. मोबाइलच्या स्पीकरवर तो मूळ स्वर येतच नाही, वरच्या हार्मोनिक्सवरूनच (मूळ स्वराच्या पटीतली कंपनं) कान ओळखतो. लोकांनी काढलेल्या व्हिडिओत बेस ऐकू यायला हवा असेल तर मिड लागतोच.

बेसवरच्या तीन नॉबांत सगळ्यात जास्त वेळ मी दोन व्हॉल्यूमच्या नात्यावर घालवला. पी आणि जे दोन्ही पूर्ण उघडले की मधले स्वर एकमेकांना खातात. एकटीने वाजवताना ते छान, स्वच्छ वाटतं, पण ग्रुपमध्ये बेस नाहीसा होतो. जे १० वरून ७ वर आणला की पोकळी भरते आणि आवाज समोर येतो. हा तीन अंकांचा फरक ऐकला तेव्हा मला खरंच आनंद झाला, कारण त्याआधी मी पिकअप बदलायच्या विचारात होते. पी पिकअप दोन भागांत असल्यामुळे गुणगुणत नाही. जे एकटा लावला की लग्नाच्या हॉलमधल्या डिमरच्या दिव्यांखाली गुणगुण येते, म्हणून स्टेजवर एकटा जे कधीच लावत नाही.

टोनचा नॉब खालचा आवाज वाढवतो असा बऱ्याच जणांचा समज असतो. तो काहीच वाढवत नाही, फक्त वरचे स्वर कपॅसिटरमधून ग्राउंडला सोडतो. माझ्या बेसमध्ये २५० के (किलोओम) चा पॉट (नॉबखालचा बदलता रोध) आणि ०.०४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आहे, आणि १० ते ५ पर्यंत फार फरक कळत नाही, खरी गंमत ४ च्या खाली आहे. जुन्या हिंदी-मराठी चित्रपटगीतांना पी पूर्ण, जे बंद, टोन ३, आणि ब्रिजपाशी तारांखाली स्पंजचा बोटभर तुकडा. ही युक्ती जुनीच आहे. मस्टँग बेसच्या ब्रिजवर पूर्वी प्रत्येक तारेला फोमचा म्यूट लावूनच यायचा. स्वर "ढुम्" होऊन लगेच थांबतो आणि तबल्याला जागा मिळते.

तारांनी मात्र नॉबांपेक्षा जास्त बदल केला. दुसऱ्या महिन्यात राउंडवाउंड (गोल तारेच्या, खरबरीत गुंडाळीच्या) काढून फ्लॅटवाउंड (चपट्या, गुळगुळीत गुंडाळीच्या) चढवल्या, डॅडारिओच्या क्रोम्स, जाडी ४५ ते १००, शॉर्ट स्केलच्या. ई चा सैलपणा बराच गेला, बोटांची चरचर गेली. एरवी टोन जरा उघडा ठेवावा लागतो, ७-८ वर. तारा घेताना पाकिटावर शॉर्ट स्केल लिहिलंय याची खात्री करा. लांब स्केलच्या कापून लावल्या तर जाड गुंडाळीचा भाग खुंटीवर येतो, आणि न वाकवता कापली तर आतली गाभ्याची तार फिरून गुंडाळी सैल होते, ती तार मग कायमची मेल्यासारखी वाजते.

पावसात नेकला थोडा बाक आला, मधल्या फ्रेटांवर तार उंच झाली. ट्रस रॉड (नेकच्या आतली बाक काढणारी सळई) पाव फेरा घट्ट केला, एक दिवस थांबले, पुन्हा मोजलं, तेवढ्यात भागलं. केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या आहेत. वजन ३.३ किलो, आधीचा ४.२ चा होता. हेडस्टॉक किंचित खाली झुकतो, आतून खरबरीत असलेला रुंद चामड्याचा पट्टा लावल्यावर खांद्यावर ठरला.

परवाच्या रिहर्सलला काकांनी एका गाण्याची पट्टी ऐनवेळी काळी दोन केली. सा डी तारेच्या पहिल्या फ्रेटवर, खालचा पंचम ए तारेच्या पहिल्या फ्रेटवर. जे ७ वर, टोन ४ वर, स्पंज जागेवर होताच. हात तिथल्या तिथे बसला आणि आम्ही न थांबता पुढचा अंतरा घेतला.