खिळ्यांच्या रानात इक्विनॉक्स ८००

मेटल डिटेक्टरचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला: "किती खोल जातो?" मीही दुकानात हेच विचारलं होतं आणि फसलो होतो. ओहायोत जुन्या शेतघरांच्या जागा धुंडाळायच्या तर खोलीची फारशी चिंता नको, खिळ्यांची करा.

एकोणिसाव्या शतकातलं लाकडी घर म्हणजे मणभर खिळे. घर जळतं किंवा पडतं, लाकूड कुजून जातं, खिळे मातीत राहतात. वरून नांगर फिरला की ते आणखी पसरतात. पहिल्या वर्षी १२० डॉलरचं एक यंत्र घेऊन मी अशाच जागी उभा राहिलो. लोखंड वगळायची सोय चालू केली तर यंत्र मुकं, बंद केली तर फोडणीत मोहरी तडतडावी तसा कलकलाट. दिवसभर खणून हाती काय आलं, तर डब्यांच्या ॲल्युमिनियमच्या कड्या आणि शॉटगनच्या काडतुसाचं पितळी बूड.

गोम अशी आहे की कॉइलखाली, म्हणजे दांड्याच्या टोकाच्या तबकडीखाली, जे जे येतं, त्याचा आवाज एकत्रच येतो. शिवाय खिळ्याच्या आवाजातून सावरायला साध्या यंत्राला क्षणभर वेळ लागतो आणि तेवढ्यात कॉइल शेजारच्या नाण्यावरून पुढे गेलेली असते.

म्हणून दुसऱ्या खेपेला मायनलॅबचं इक्विनॉक्स ८०० घेतलं, तेही जुनं, एका निवृत्त गृहस्थांकडून. २०१८ मध्ये बाजारात आलेलं हे यंत्र एकाच वेळी अनेक फ्रिक्वेन्सींवर चालतं, पण मी ते घेतलं सावरण्याच्या वेगासाठी. हा वेग १ ते ८ पर्यंत बदलता येतो. याच्याच धाकट्या भावाला, ६०० ला, तीनच पायऱ्या आहेत. सोबत येणारी कॉइल ११ इंची. मी ६ इंची वेगळी घेतली आणि खरा फरक तिनंच पाडला. घरी एका फळीवर चार खिळ्यांच्या मधोमध गव्हाच्या ओंब्यांचं चित्र असलेला जुना एक सेंट ठेवून पाहिला. मोठी कॉइल एकाच दिशेनं फिरवली तर जेमतेम बोलली. छोटी दोन्ही दिशांनी खणखणीत.

यंत्र १.३४ किलोचं. ऐकायला काही वाटत नाही, पण चार तासांनी कोपर बोलू लागतं. बॅटरी आतच बसवलेली, एका चार्जवर साधारण १२ तास चालते. माझ्या मित्राकडे गॅरेटचं एटी प्रो आहे, त्यात चार पेन्सिल सेल घातले की झालं. दोघं उघड्या नांगरटीत चाललो की यंत्रांत डावंउजवं करता येत नाही. घराच्या नेमक्या जागेवर मात्र मी पुढे असतो. लोखंडाचा जाडाभरडा आवाज वेगळा ऐकवायची त्याच्या यंत्रातली सोय मला आवडते.

खाली कोणता धातू असावा ते सुचवणाऱ्या पडद्यावरच्या आकड्यांवर मात्र जीव टाकू नका. माझ्याकडे पाच सेंटचं नाणं १२-१३ दाखवतं आणि डब्याची कडीही तिथंच घोटाळते. लोणच्याच्या बरणीचं जस्ताचं झाकण तर चांदीच्या तोऱ्यात वाजतं. खोलवरचा वाकडा खिळासुद्धा गोड आवाज काढतो. अशा वेळी काटकोनात वळून पुन्हा कॉइल फिरवायची. आवाज टिकला तरच खणायचं. पिनपॉइंटर, म्हणजे खड्ड्यात वस्तूची नेमकी जागा दाखवणारी हातातली छोटी कांडी, हवाच; माझं गाजराच्या रंगाचं गॅरेटचं आहे, गवतात पडलं तरी दिसतं.

परवानगीशिवाय पाऊल टाकू नका. फेडरल, म्हणजे अमेरिकी केंद्र सरकारच्या, जमिनीवर तर १९७९ च्या कायद्यानं शंभर वर्षांपेक्षा जुन्या पुराणवस्तू परवान्याशिवाय उकरणं गुन्हा आहे. आणि यंत्र भारतात गावी न्यायचा बेत असेल तर १८७८ चा निखात निधी कायदा ध्यानात ठेवा: जमिनीत पुरलेलं दहा रुपयांवरचं काही सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं.

माझी आवडती जागा एका म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या मक्याच्या रानालगत आहे. काउंटीच्या १८७० च्या दशकातल्या नकाशात तिथं घराचा ठिपका आहे. आज घर नाही, पण वसंतात कोणी न लावलेले डॅफोडिल रांगेत फुलतात. मका काढल्यावर या, असं आजोबांनी सांगितलं होतं. या यंत्रावर घोड्याच्या नालेचं चित्र असलेलं एक बटण आहे. ते दाबलं की वगळलेलं लोखंडही ऐकू येतं. त्या दिवशी हातमोज्यानं चुकून दाबलं गेलं आणि एक मोठा, घोगरा आवाज आला. खणलं तर गंजलेली, अर्ध्या चंद्रासारखी पट्टी, कडेला भोकं.

आजोबा म्हणाले, "कुठल्या तरी अवजाराचा तुकडा असेल."

मी कराडकडचा. म्हटलं, "आजोबा, ही बैलाची पत्री." बैलाचा खूर दुभंगलेला, म्हणून एका खुराला दोन तुकडे मारतात, हे त्यांना समजावून सांगितलं. लहानपणी बैल आडवा पाडून पत्र्या मारताना दावं धरायचं काम माझ्याकडे असे. लोखंड टाळायला इतके पैसे ओतले आणि तिथली सगळ्यात चांगली वस्तू लोखंडाचीच निघाली!

पत्री आता आजोबांच्या स्वयंपाकघरातल्या खिडकीत आहे. दुसऱ्या अर्ध्या तुकड्यासाठी येत्या शनिवारी पुन्हा जातोय, ते बटण दाबूनच.