जहाजावर जॉइनिंगसाठी पैसे मागितले की तिथूनच परत फिरा (माझा अनुभव)

गेल्या आठवड्यात आमच्या वाडीतल्या एका पोराने त्याचं जहाजावरच्या नोकरीचं ऑफर लेटर मला व्हॉट्सॲपवर पाठवलं आणि वाचता वाचता माझे हातपाय गार पडले, कारण अगदी तस्संच लेटर २०१९ ला मला आलेलं. म्हणून लिहितोय, ज्यांची मुलं जीपी रेटिंग (खलाशाचा कोर्स) करून घरी बसलीयेत त्यांना नक्की पाठवा.

माझा सहा महिन्यांचा कोर्स झालेला, सीडीसी (खलाशाचं सरकारी नोंदपुस्तक) हातात, पण दीड वर्ष जॉइनिंग नाही. बेलापूरला कंपन्यांचे उंबरे झिजवले, सगळीकडे तेच, फ्रेशर नको. मग कोर्समधल्या एका मित्राने एजंटचा नंबर दिला. स्टेशनजवळ छोटं ऑफिस, भिंतीवर जहाजांचे फोटो, बोलायला एकदम गोड. साडेतीन लाख म्हणाला, व्हिसा तिकीट सगळं त्यात. आईने पाटल्या पतपेढीत ठेवल्या, बाबांनी होडीचं इंजिन विकलं. पैसे रोख घेतले, पावती मागितली तर म्हणाला विश्वास नाही का आमच्यावर, आणि मी गप्प बसलो.

दुबईला पाठवलं ते व्हिजिट व्हिसावर. देरामध्ये एका खोलीत आम्ही चौदा जण, एकोणीस दिवस. मग एका रात्री लाँचमध्ये घालून शारजाच्या अँकरेजला (समुद्रात नांगर टाकायच्या जागी) उभ्या असलेल्या जुनाट छोट्या टँकरवर सोडलं. लेटरमध्ये बल्क कॅरियर, म्हणजे सुट्या मालाचं जहाज लिहिलेलं. चढल्या चढल्या कॅप्टनने पासपोर्ट आणि सीडीसी काढून घेतली. चार दिवसांनी बोसनने (खलाशांच्या मुकादमाने) स्टर्नला, म्हणजे जहाजाच्या मागच्या बाजूला, चिपिंगला (जुना रंग खरवडायला) लावलं, रंगाचे पापुद्रे निघाले तशी खाली वेल्डिंगने काढलेली दुसऱ्याच नावाची अक्षरं हाताला लागली, आणि त्याखालचा आयएमओ नंबर (प्रत्येक जहाजाचा कायमचा ओळख नंबर) माझ्या लेटरमधल्या नंबरशी जुळतच नव्हता. पोटात गोळा आला पण आता जाणार कुठे, चारी बाजूंनी पाणी.

पाच महिने राहिलो. महिना ४०० डॉलर ठरलेले, एक डॉलर मिळाला नाही. शेवटी तर जेवायला भात कांदा आणि दिवसाला एक बाटली पाणी. आयटीएफला (खलाशांसाठी काम करणारी आंतरराष्ट्रीय कामगार संघटना) आणि दुबईच्या भारतीय कॉन्सुलेटला मेल केले तेव्हा कुठे सुटका झाली.

घरी येऊन लेटरमधला आयएमओ नंबर इक्वेसिस या जहाजांची माहिती देणाऱ्या वेबसाइटवर टाकला. ते जहाज कधीच भंगारात निघालेलं. ती वेबसाइट फुकट आहे, सात आकडी नंबर टाकायला दोन मिनिटं लागतात, हे मला जायच्या आधी कुणी सांगितलं असतं तर.

एक गोष्ट तर आम्हाला कोर्समध्येसुद्धा कुणी नीट सांगितली नाही. नोकरी लावून देण्यासाठी खलाशाकडून पैसे घेणं हाच गुन्हा आहे. एमएलसी या खलाशांच्या हक्कांच्या आंतरराष्ट्रीय कराराचा नियम आहे, भारताने २०१५ ला मान्य केलाय, आपल्याला फक्त पासपोर्ट, सीडीसी आणि मेडिकलचा खर्च करावा लागू शकतो, व्हिसाचा खर्च जहाजमालकाचा. म्हणजे 'व्हिसा चार्जेस' म्हटलं की समजायचं. आरपीएसएल (खलाशी भरतीचं सरकारी) लायसन्स असलेल्या कंपन्यांची यादी डीजी शिपिंग या सरकारी खात्याच्या साइटवर आहे, फोन तिथल्या नंबरवर करा, लेटरवरच्या नाही, कारण लेटरवर लोगो खऱ्या कंपनीचा आणि खाली मेल आयडी जीमेलचा असतो. दोन महिने पगार नाही मिळाला तर तुम्हाला वाऱ्यावर सोडलं असंच नियमात धरतात, माझ्यासारखी पाच महिने वाट बघू नका.

पैसे मी अजून फेडतोय, पण जास्त जिवाला लागतं ते सी टाइमचं, म्हणजे जहाजावर काढलेल्या दिवसांच्या नोंदीचं. जॉइनिंगची नोंदच कुठे झाली नव्हती, त्यामुळे ते पाच महिने कुठेच धरले नाहीत. सीडीसीतलं नोंदींचं पहिलं पान कोरं, आणि परत मी फ्रेशरच.

त्या पोराच्या लेटरमधला नंबर मी काल टाकून बघितला, तेही जहाज भंगारात गेलेलं. त्याच्या वडिलांनी पन्नास हजार टोकन आधीच देऊन ठेवलंय. सोमवारी मी त्यांच्याबरोबर पोलीस स्टेशनला जातोय, माझी जुनी फाइल पण घेऊन.