क्लाउड स्टोरेजचा बेसिक कोर्स, काही महिन्यांनंतर: ठेवायला शिकवलं, पुसायला नाही

कोर्स संपला त्या आठवड्यात रिव्ह्यू लिहिला असता तर पाचपैकी साडेचार दिले असते. आता तीन देतेय आणि त्याला कारण एकच, डिलीट.

काय काय शिकवतात ते कोर्सच्या पानावर आहेच. मुख्य भर ॲमेझॉनच्या एस३ या स्टोरेज सेवेवर, शेवटी मायक्रोसॉफ्टच्या अझूर ब्लॉब आणि गुगल क्लाउड स्टोरेजची तोंडओळख. सरावात बकेटला (फाइली ठेवायच्या डब्याला) व्हर्जनिंग, म्हणजे फाइलीच्या जुन्या आवृत्त्याही जपून ठेवणं, चालू करायचं, एक मोठी व्हिडिओ फाइल चढवायची, त्याच नावाने पुन्हा दोनतीनदा चढवायची आणि शेवटी 'सगळं सिलेक्ट करून डिलीट करा, सराव संपला'. सांगितलं तसंच केलं. कन्सोलमध्ये, म्हणजे सेवा हाताळायच्या वेबपानावर, बकेट रिकामी दिसायला लागली, तरी दर महिन्याला बिल येतच राहिलं. रक्कम किरकोळ होती. पण जिथे एकही फाइल दिसत नाही तिथले पैसे मी कशाचे भरतेय, हे कळेपर्यंत मला चैन पडेना.

उत्तर कोर्सबाहेर शोधावं लागलं. व्हर्जनिंग चालू असताना साधं डिलीट केलं की ऑब्जेक्ट (बकेटमधली फाइल) जात नाही, त्याच्यावर फक्त 'पुसलं' अशी खूण, म्हणजे एक डिलीट मार्कर बसतो. जुन्या आवृत्त्या खाली तशाच असतात, त्याही प्रत्येकी पूर्ण आकाराच्या. फाइलमध्ये एका अक्षराचा फरक असला तरी दुसरी अख्खी प्रत साठते आणि तिचं बिल लागतं. 'शो व्हर्जन्स' चालू केल्यावर माझे सगळे व्हिडिओ समोर आले.

ते काढले. तरी बिल शून्य होईना! मोठी फाइल तुकड्यातुकड्यांनी चढते, त्याला मल्टिपार्ट अपलोड म्हणतात. मधेच नेट तुटलं आणि अपलोड अर्धवट राहिलं, तर तोवर चढलेले तुकडे तिथेच राहतात. ते फाइलींच्या यादीत दिसत नाहीत, 'शो व्हर्जन्स'मध्येही नाही. कोणी ते अपलोड रद्द करेपर्यंत जागेचे पैसे मात्र लागत राहतात. यावरचा उपाय अगदी सोपा आहे: अर्धवट अपलोड सात दिवसांनी रद्द करणारा एक लाइफसायकल रूल (ठरलेल्या मुदतीनंतर आपोआप साफसफाई करणारा नियम) आणि जुन्या आवृत्त्या ठरावीक दिवसांनी काढणारा दुसरा. पाच मिनिटांचं काम, आणि एवढ्या लांब कोर्समध्ये त्याला पाच मिनिटं मिळालेली नाहीत.

स्वस्त टियरच्या, म्हणजे क्वचित लागणारा डेटा कमी भावात ठेवायच्या पर्यायांच्या, तक्त्याचंही तसंच. दर गिगाबाइटचा भाव आहे, डेटा परत मिळायला किती वेळ लागतो तेही आहे. किमान मुदतीचा रकानाच नाही. ॲमेझॉनच्या ग्लेशियर डीप आर्काइव्हला १८० दिवस, अझूरच्या आर्काइव्हलाही १८०, गुगलच्या आर्काइव्हला ३६५. त्याआधी पुसलं तर उरलेल्या दिवसांचे पैसे द्यावेच लागतात. नुसता भाव बघून कोणी महिनाभराचा बॅकअप तिथे टाकला, तर बिल त्याच्या अंदाजापेक्षा जास्त येईल.

कोर्सवाल्यांना सविस्तर लिहिलं. उत्तर आलं, 'बिलिंग हा या कोर्सचा विषय नाही.' मला हे अजिबात पटलेलं नाही. या सेवेत पैसे मुख्यतः किती डेटा किती काळ पडून आहे यावर लागतात, मग डेटा खरोखर कधी जातो हे मूलभूत नाही तर काय? स्क्रीनशॉटसह पुन्हा लिहिलं, तर माझ्या तक्रारीचं तिकीट बंद करून टाकलं.

आता एक मत बदलतेय. ब्लॉक, फाइल आणि ऑब्जेक्ट स्टोरेज या डेटा साठवण्याच्या तीन पद्धतींमधला फरक सांगणारं प्रकरण मला तेव्हा रटाळ वाटलं होतं. परवा कामावर एका फोल्डरचं नाव बदलायला सांगितलं आणि ते संपता संपेना, तेव्हा कारण मला लगेच कळलं. नेहमीच्या बकेटमध्ये फोल्डर नसतोच. 'फोटो/जुने/' हा फाइलीच्या नावाचाच भाग असतो, म्हणून प्रत्येक ऑब्जेक्टची नव्या नावाने कॉपी करून जुना पुसावा लागतो. त्याच प्रकरणात शिकवणाऱ्या बाईंनी एस३ च्या ९९.९९९९९९९९९ टक्के टिकाऊपणाचा अर्थही नेमका सांगितलाय. हा आकडा डिस्क खराब होण्यापासूनच्या संरक्षणाचा आहे; चुकीच्या स्क्रिप्टने डेटा पुसायला सांगितलं तर तो पुसला जातोच, त्यामुळे बॅकअप वेगळा हवा. इतकं स्वच्छ मी दुसरीकडे ऐकलं नाही. या प्रकरणासाठी अर्धा गुण वाढवून साडेतीन.

काही धडे जुने झालेत. लिहिलेला बदल वाचताना उशिरा दिसू शकतो असं सांगतात, पण डिसेंबर २०२० पासून एस३ मध्ये तसं होत नाही. फाइल सगळ्यांसाठी उघडी करण्याचं प्रात्यक्षिकही नव्या बकेटवर चालत नाही, कारण एप्रिल २०२३ पासून पब्लिक ॲक्सेस (कोणालाही फाइल उघडता येणं) आधीच बंद असतो. तो बंदच राहू द्या.

पाया पक्का करायचा असेल तर कोर्स जरूर घ्या. फक्त पहिली फाइल चढवण्याआधी वरचे दोन्ही रूल लावा आणि बजेट अलर्ट, म्हणजे बिल ठरवलेल्या रकमेपुढे गेलं की येणारी सूचना, चालू करा. सरावाच्या धड्यात हे आलेलं दिसलं की मी इथले गुण वाढवेन.