शेळ्यांच्या कानातला चिपवाला बिल्ला: मृगापासून होळीपर्यंतचा अनुभव

मृगाच्या आधी आमच्या बेरारी शेळ्यांच्या कानात आरएफआयडीचे, म्हणजे रेडिओ लहरींनी ओळख सांगणारे बिल्ले बसवले, आता होळी आली. आर्वीकडच्या आमच्या गावात जो पाहायला येतो तो आधी हेच विचारतो, "भाऊ, बकरी हरवली तं मोबाईलवर दिसन का?"

नाही दिसणार. हे जीपीएस नाही. बिल्ल्यात बॅटरीच नसते. आत तांब्याच्या बारीक तारेचं वेटोळं आणि एक इवलीशी चिप. रीडर, म्हणजे नंबर वाचायचं यंत्र, कानाजवळ नेऊन बटण दाबलं की त्याच्यातून १३४.२ किलोहर्ट्झचं चुंबकीय क्षेत्र निघतं, त्यानं बिल्ल्यातल्या तारेत वीज तयार होते आणि तेवढ्यावर चिप आपला १५ अंकी नंबर सांगते. रीडर हातभर लांब गेला की चिप गप्प. गाडीच्या काचेवरचा फास्टॅग याच जातीचा, पण तो ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झवर चालतो, म्हणून टोलनाक्यावर काही मीटरवरून वाचला जातो. त्या लहरी पाणी शोषून घेतं, आणि जनावराचं अंग बरंचसं पाण्याचंच. आमच्या बिल्ल्याच्या कमी फ्रिक्वेन्सीला पाणी फारसं अडवत नाही, म्हणून तो भर पावसात, चिखलानं माखलेल्या कानातही नंबर देतो.

याचा खरा उपयोग जंताचं औषध पाजताना आणि वजन करताना कळला. आधी एकानं कान धरायचा, पुसायचा, दुसऱ्यानं नंबर ओरडायचा, तिसऱ्यानं वहीत लिहायचा. संध्याकाळच्या उजेडात ३ चा ८ व्हायला वेळ लागत नसे. आता शेळी काट्यावर उभी राहिली की नंबर आणि वजन मोबाईलमध्ये जातं. कोणत्या शेळीची पिल्लं तीन महिन्यांत चांगली भरतात, कोणती दरवेळी जुळी देते, हे नोंदीवरून दिसायला लागलं. त्यामुळं यंदा बाजारात न्यायच्या दोन पाठी (तरण्या माद्या) घरीच ठेवल्या. माझ्या दृष्टीनं पैसे तिथंच वसूल झाले.

अडचणी आहेत. दोन शेळ्या कानाला कान लावून उभ्या असल्या की रीडर गोंधळतो, कधी काहीच दाखवत नाही. म्हणून एकेक शेळी जाईल अशी अरुंद गल्ली केली. ती आधी लोखंडी पाइपाची होती, तिथं नंबर अगदी जवळूनच मिळायचा, कारण लोखंडानं क्षेत्र बिघडतं. बांबूची केली आणि फरक लगेच दिसला. बोरीच्या काट्यांत अडकून काही बिल्ले गेले, एका शेळीचा तर कानच फाटला. बिल्ला कानाच्या मधोमध, शिरा टाळून बसवा, आणि पावसाळ्यात अजिबात नको. जखमेत अळ्या पडतात. ॲप निव्वळ इंग्रजीत आहे, हे फार खटकतं. आमचा ढोरकी नंबर वाचतो, पुढची नोंद पोरीला करावी लागते.

चार-पाच शेळ्या असतील तर सरकारी पिवळा १२ अंकी बिल्ला आणि वही पुरे. त्यात चिप नसते, पण विम्याला आणि लसीच्या नोंदीला तोच लागतो. कळप मोठा असेल तर घ्या. रीडरच महाग पडतो, म्हणून गावात तिघा-चौघांनी मिळून एक घ्यावा. घेताना आयएसओ ११७८४ आणि ११७८५ (जनावरांच्या चिपची आंतरराष्ट्रीय मानकं) लिहिलेलं आहे का ते पाहा, म्हणजे एका कंपनीचा बिल्ला दुसरीच्या रीडरवर चालतो.