नऊ महिने टेंपरेचर कंट्रोलर वापरला, भांडण झालं रबराच्या चकतीवरून

ब्रँडचं नाव लिहीत नाही. माशांच्या टाकीचा, दोन सॉकेटवाला कंट्रोलर, एक हीटरला, एक कूलिंगला, सोबत पाण्याचं तापमान मोजणारा वायरवाला सेन्सर. पाणी गार झालं की हीटर चालू करतो, तापलं की कूलिंग. टाकी ठेवणाऱ्यांना वेगळं सांगायला नको.

घोडबंदर रोडला राहतो. २०० लिटरची रीफ टाकी, म्हणजे खाऱ्या पाण्याची, प्रवाळांची: झोआ आणि मशरूम (दोन्ही प्रवाळांसारखे जीव), दोन क्लाउनफिश. आईचं पहिल्या दिवसापासून एकच, "ठाण्यात आपल्याला बारा महिने पंखा लागतो, आणि तुझ्या माशांना हीटर?" तिचं पाऊण खरं आहे. पण आमची खिडकी येऊरच्या डोंगराकडची. डिसेंबर-जानेवारीत पहाटे खोलीत २१ असतं आणि टाकी हवी २५-२६ वर.

कंट्रोलर घेतला तो वैतागून. मागच्या डिसेंबरात जुना ३०० वॅटचा हीटर चालूच राहिला. हीटरला चालू-बंद करणाऱ्या आतल्या पट्टीचे काँटॅक्ट एकमेकांना चिकटले की डायल कितीही फिरवा, लाल दिवा विझत नाही. २०० लिटरला ३०० वॅट म्हणजे तासाला जवळपास सव्वा डिग्री. सकाळी पाणी ३२. मशरूम शेंबडासारखे लोंबत होते.

म्हणून यावेळी १०० वॅटचे दोन हीटर घेतले. एक चिकटला तरी तासाला अर्ध्या डिग्रीच्या आतच चढतं, एक मेला तर दुसरा रात्र काढतो. दुकानदार म्हणाला, "साहेब, हीटरचे डायल फुल करून टाका, कंट्रोलर बघेल." मी ऐकलं नाही. कंट्रोलर २५.५ वर आणि दोन्ही डायल २७ वर, म्हणजे कंट्रोलर चुकला तरी हीटर २७ ला स्वतःच बंद होतील.

आता ती चकती. सेन्सर काचेला धरून ठेवणारी सक्शनची रबरी चकती. अडीच हजारांच्या वस्तूत सगळ्यात फालतू भाग, आणि सगळा डोलारा तिच्यावर. जानेवारीत एका रात्री ती सुटली आणि सेन्सर सम्पच्या (मुख्य टाकीला जोडलेली, खणांची छोटी टाकी, हीटर तिच्यातच) वर हवेत लोंबकळत राहिला. हवा २१. कंट्रोलरला वाटलं पाणीच २१ झालं, त्याने रात्रभर हीटर चालू ठेवले. सकाळी पाणी २७.१. डायल फुल असते तर तिशी पार गेली असती.

कस्टमर केअरचं उत्तर: "सेन्सर पाण्याबाहेर गेला ही तुमची चूक, वॉरंटीत बसत नाही." अहो, मी चकती मागतोय! "सुटी मिळत नाही सर, सेन्सरचा अख्खा सेट घ्यावा लागेल." सेट सहाशेचा. जांभळी नाक्यावरून झिप टायचं पाकीट आणलं, तीस रुपये, त्यातली एक लागली. सेन्सर हीटरच्याच खणात पाइपला बांधलाय. पाणी परत टाकीत चढवणाऱ्या रिटर्न पंपाच्या खणात बांधू नका, बाष्पीभवनाने तिथलंच पाणी उतरतं, सेन्सर परत उघडा पडेल.

हा रिव्ह्यू तेव्हा लिहिला असता तर एक स्टार दिला असता. पण अलार्म वाजला नाही ती खरंतर माझीच चूक. तापमान खाली गेलं की वाजणारा लो अलार्म मी २० वर ठेवला होता, आणि हवा होती २१. आता २४.५ वर आहे. परवा पाणी बदलताना वाजला तेव्हा बायको म्हणाली, "तो तरी बंद कर, नाहीतर मला तरी झोपू दे."

मे महिन्यात मत अजून बदललं. कूलिंगच्या सॉकेटला दोन छोटे पंखे लावले, पाण्यावर वारा घालणारे, दीड-दोन डिग्री खाली आणतात. पाणी उडून जातं म्हणून रोज दोन-अडीच लिटर साधं आरओ पाणी वर घालावं लागतं, मिठाचं घातलं तर क्षार वाढत जातात. जुलैच्या दमट हवेत मात्र पंखे नुसतेच फिरत होते. चिलरची, म्हणजे पाणी गार करणाऱ्या मशीनची, किंमत बघितली आणि टॅब बंद केला. लाइट जाऊन आली तरी सेटिंग जसंच्या तसं राहतं, ही एक गोष्ट मनापासून आवडली. आणि मार्चपासून हीटरचे प्लग मी काढूनच ठेवलेत. दहा महिने नको असलेली वस्तू चालू का ठेवायची?

गणपतीला पाच दिवस गावी गेलो. शेजारच्या काकांना सांगितलं होतं, रोज डिस्प्लेचा फोटो टाका. तिसऱ्या दिवशी फोटोत २९.१, आणि मागे कूलिंगच्या सॉकेटला काकूंच्या मोबाइलचा चार्जर.